वाचक विचारतात: स्वीडनच्या खेड्यातली निवासी शाळा, कोर्स कोणते आणि कोणी जावं

मागच्या अंकात मी स्वीडनमधल्या दालार्नातल्या एका खेड्यात, फोल्कहोगस्कूला नावाच्या निवासी शाळेत, वर्षभर राहून माग शिकले त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यानंतर इतकी पत्रं आली की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. बहुतेक पत्रं स्वीडनमध्येच राहणाऱ्या वाचकांची आहेत. नावं छापत नाहीये, काहींच्या घरातल्या गोष्टी आहेत त्यात.

ताई, मी व्हेस्तेरोसला राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो, आता पर्मनंट रेसिडेन्स आहे. शेजारच्या आजी सारख्या म्हणतात फोल्कहोगस्कूलात जा. हे नक्की काय असतं, कॉलेज, छंदवर्ग की मोठ्यांची रात्रशाळा? डिग्री मिळते का?

डिग्री मिळत नाही, हे आधीच सांगून टाकते कारण नावामुळे इथे भल्याभल्यांचा घोटाळा होतो. नुसतं होगस्कूला म्हणजे युनिव्हर्सिटीच्या बरोबरीची संस्था, तिथे डिग्री मिळते. पुढे फोल्क लागलं की गोष्टच वेगळी, ती मोठ्या माणसांची शाळा, साधारण १८ वर्षांपासून पुढे कोणीही, मग तुमच्या शेजारी बेंचवर १९ वर्षांचा पोरगा असेल नाहीतर ६३ वर्षांच्या रिटायर्ड नर्स असतील. माझ्या वर्गात दोन्ही होते.

छंदवर्ग म्हणाल तर तोही नाही, कारण बहुतेक मोठे कोर्स फुलटाइम असतात, ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात आणि जूनच्या सुरुवातीला संपतात, रोज सकाळी वर्ग, दुपारी वर्ग. आणि रात्रशाळा तर अजिबात नाही कारण ह्यातल्या पुष्कळ शाळा गावाबाहेर, तळ्याकाठी, शेतांच्या मधे असतात आणि तिथे लोक राहायलाच जातात. शाळेच्या वसतिगृहाला इंतरनात म्हणतात.

ही कल्पना मूळची डेन्मार्कची. ग्रुंटव्हिग नावाचे एक पाद्री आणि कवी होते, त्यांचं म्हणणं असं की शेतकऱ्याच्या मुलाला लॅटिन घोकायला लावून परीक्षेत नापास करण्यापेक्षा त्याच्या भाषेत, बोलून, गाऊन, चर्चा करून शिकवा. त्यातून १८४४ साली रोदिंगला पहिली शाळा निघाली. स्वीडनमध्ये १८६८ साली एकाच वर्षात तीन शाळा निघाल्या, स्कोनेमध्ये व्हीलान आणि ओन्नेस्ताद, आणि ओस्टरयोटलांदमध्ये हेरेस्ताद. तेव्हाच का, तर त्याच्या आधीच्या काही वर्षांत गावकारभाराचे नवे कायदे आले होते, जुनी चार वर्गांची संसद जाऊन नवी आली होती, आणि शेतकऱ्यांना एकदम कारभारात बसायची वेळ आली. हिशोब वाचता यायला हवा, सभेत उभं राहून बोलता यायला हवं. म्हणून मग थंडीत, शेतात काम नसताना, मोठी मुलं ह्या शाळांत राहायला यायची. पुढे कामगार चळवळीने स्वतःच्या शाळा काढल्या (ब्रुन्सव्हीक, १९०६), चर्चवाल्यांनी काढल्या, दारूबंदीवाल्यांनी काढल्या, आणि आज दीडशेच्या वर शाळा आहेत. काही रीजनच्या म्हणजे सरकारी, बाकीच्या अशा चळवळींच्या आणि संस्थांच्या.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतेय, कारण ही शाळा परीक्षेसाठी काढलेलीच नव्हती, आणि हे एकदा डोक्यात बसलं की तिथलं बाकीचं सगळं समजायला लागतं. तुमच्या शेजारच्या आजी बरोबर सांगतायत.

कोर्स कोणकोणते असतात? वेबसाइट उघडली तर माग, जाझ, कयाक, पत्रकारिता, सांकेतिक भाषा असं काय काय दिसतं, एकाच शाळेत. मला काही कळेना. – एक वाचक, लिंशोपिंग

गोंधळ होणारच, कारण प्रत्येक शाळा आपले कोर्स स्वतः ठरवते, देशभर एकच ठरलेला सिलॅबस नसतो. पण मोठे मोठे भाग पाडले की सोपं होतं.

पहिला भाग म्हणजे आल्मेन कुर्स. ज्यांचं शाळेचं शिक्षण, विशेषतः जिम्नासियम (आपल्या अकरावी-बारावीसारखं), अर्धवट राहिलंय त्यांच्यासाठी. स्वीडिश, इंग्लिश, गणित, समाजशास्त्र, इतिहास वगैरे विषय, आणि पूर्ण केलं की युनिव्हर्सिटीला अर्ज करायची पात्रता मिळते. सरकारी अनुदान मिळवायचं तर प्रत्येक शाळेने आपल्या कामाचा किमान १५ टक्के भाग ह्या कोर्सला द्यावाच लागतो, त्यामुळे जवळजवळ सगळ्या शाळांत तो असतोच. त्यावर खाली एका आईच्या पत्राला सविस्तर लिहिलंय.

दुसरा भाग म्हणजे सेरशिल्द कुर्स, म्हणजे एकाच गोष्टीत वर्षभर बुडी मारायची. तुम्हाला जे काय काय दिसलं ते बहुतेक ह्यातलं. इथे शाळेची जागा आणि शाळेची मालक संस्था दोन्ही बघा, कारण त्यावरून कोर्सचा रंग ठरतो. मालुंगला लोकसंगीत आहे कारण दालार्ना हा फिडलवाल्यांचाच भाग. लेकसांदजवळ व्हेस्तानव्हीकची शाळा बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची आहे, तिथे सांकेतिक भाषा म्हणजे वर्गातला एक विषय नाही, जेवणाच्या रांगेतसुद्धा तीच चालते. मेलारेन तळ्यातल्या बेटावर बिस्कॉप्स आर्नो आहे, तिथला लेखनाचा कोर्स सगळ्या नॉर्डिक देशांत माहितीये. स्कोनेमध्ये होल्मा इथे पर्माकल्चर, म्हणजे जमीन, बाग, माती हेच शिकायचं. उप्सालाजवळ वीकची शाळा तर जुन्या किल्ल्याशेजारीच आहे, तिथे संगीत, चित्रकला, नाटक वगैरे. आणि अगदी उत्तरेला योकमोकचं सामी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, शिक्षण केंद्र, त्याची सुरुवात १९४२ साली सामी लोकांची फोल्कहोगस्कूला म्हणून झाली, तिथे रेनडियर पाळणं आणि सामी हस्तकला शिकवतात.

तिसरा भाग कामधंद्याचा. फ्रितीदस्लेदारे म्हणजे तरुणांच्या क्लबमध्ये, युवा केंद्रात काम करणारे लीडर, हा कोर्स दोन वर्षांचा. शिवाय सांकेतिक भाषेचे दुभाषे, चर्चचे संगीतकार, नाटक शिकवणारे, पत्रकार, अशांचे कोर्स. हे थेट नोकरीकडे जातात. शेवटी छोटे कोर्स, उन्हाळ्यात आठवड्याचे, वीकेंडचे, हे मी चाखून बघायला सांगते.

आता माझ्या स्वतःच्या कोर्सबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणींनी विचारलंय की वर्षभर माग शिकायचा म्हणजे रोज काय करायचं. पहिले दोन आठवडे आम्ही विणलंच नाही. सूत मोजलं, उभ्या धाग्यांचा ताणा घातला, तो मागावर चढवला, मग एकेक धागा दोऱ्याच्या छोट्या डोळ्यातून ओवायचा, मग फणीतून, ४०० च्या वर धागे होते माझ्या पहिल्या टॉवेलला, मान मोडून येते, आणि मी त्यातला एक धागा चुकीच्या डोळ्यातून ओवला. कळलं कधी, तर धोटा टाकत टाकत चांगलं वीतभर कापड झाल्यावर, एक बारीक रेघ उभी सरळ चाललीये वरपर्यंत, नक्षी तिथे तुटलेली. बाईंनी बघितलं, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि काही बोलल्याच नाहीत. मीच बोटाने एकेक धागा मागे नेत नेत शोधला, अर्धा तास लागला असेल. सापडला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, एन गोंग तिल. म्हणजे परत एकदा. हे तीन शब्द मी त्या वर्षात हजार वेळा ऐकले असतील आणि एकदाही ते रागवल्यासारखे वाटले नाहीत.

वसंतात रंगकाम. बर्चच्या कोवळ्या पानांचा पिवळा, मंजिष्ठाच्या मुळांचा लाल. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळून घ्यायची नाहीतर रंग धरतच नाही. तुरटी म्हटल्यावर मला माझी आजी आठवली आणि मी वर्गात सगळ्यांना तिच्याबद्दल सांगत बसले, तुटक्या स्वीडिशमध्ये, आणि सगळे ऐकत होते. हे कुठल्याही टाइमटेबलमध्ये नव्हतं. पण असं बोलत बसायला तिथे वेळ असतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो.

फी किती? आणि सीएसएन मिळतं का? – उमेओहून

शिकवण्याची फी नाही. सरकारचं अनुदान फोल्कबिल्डनिंग्सरोदेत नावाच्या संस्थेमार्फत शाळांना जातं, त्यामुळे शिकणं फुकट. पण राहणं, जेवण, पुस्तकं आणि कोर्सचं साहित्य ह्याचे पैसे आपले. खोली आणि जेवण धरून महिन्याला काही हजार क्रोना होतात, शाळेशाळेप्रमाणे बराच फरक आहे, आणि माग किंवा चांदीकाम अशा कोर्सला साहित्याचा खर्च वेगळा आणि कधी कधी चांगलाच जड असतो, म्हणून अर्जाआधीच लेखी विचारा की ह्या कोर्सला वर्षाचा साहित्यखर्च किती.

सीएसएन म्हणजे शिकणाऱ्यांना मिळणारी सरकारी मदत, तिचे दोन भाग असतात, एक अनुदान जे परत करायचं नसतं आणि एक कर्ज जे परत करायचं असतं. कर्ज घेतलंच पाहिजे असं नाही, नुसतं अनुदान घेता येतं. स्वीडिश नागरिक किंवा पर्मनंट रेसिडेन्स असलेल्यांना सहसा अडचण येत नाही. पण तुमचं परमिट नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वर्क परमिटवर, मुदतीचं असेल, तर सहसा मिळत नाही. अशा वेळी शाळा प्रवेश देऊ शकते, पण खर्च तुम्हालाच बघावा लागतो. सीएसएनला फोन करून तुमच्या परमिटचा प्रकार सांगा आणि उत्तर आल्यावरच खोली बुक करा. आणि एकदा पैसे सुरू झाले की दांड्या मारू नका, तुम्ही शिकायला येत नाही असं दिसलं तर शाळेला ते सीएसएनला कळवावं लागतं.

ताई, हे लिहिताना हात थरथरतोय. माझा मुलगा १९ वर्षांचा. जिम्नासियम दुसऱ्या वर्षी सोडलं त्याने. दिवसभर खोलीत. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांची मुलं मोठ्या इंजिनिअरिंग युनिव्हर्सिटीत, चाल्मर्सला नाहीतर केटीएचला. मी कोणाकडे जातच नाही आता. स्टडी काउन्सेलर म्हणाली फोल्कहोगस्कूला, ह्याचे बाबा म्हणाले ती नापासांची शाळा आहे. मी काय करू? – एक आई

ताई, आधी पाणी प्या, मग वाचा.

नापासांची शाळा नाहीये ती. तिथे जिम्नासियम सोडलेली मुलं असतात हे खरं आहे, पण त्यांच्याबरोबर दोन मुलं वाढवून झालेली बाई असते, फॅक्टरी बंद पडलेला माणूस असतो, दुसऱ्या देशातून पळून आलेली इंजिनिअर असते जिला फक्त स्वीडिश हवंय. तुमच्या मुलाला गेली दोन वर्षं फक्त स्वतःच्याच वयाची, पुढे निघून गेलेली मुलं दिसतायत. तिथे त्याला वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या ठिकाणी अडकलेली आणि परत चालायला लागलेली माणसं दिसतील. माझ्या मते हे त्याच्यासाठी गणितापेक्षा जास्त गरजेचं आहे.

आता व्यवहाराचं. त्याच्यासाठी आल्मेन कुर्स. जिम्नासियमचे जे विषय झालेत ते धरतात, राहिलेले पूर्ण करायचे, किती काळ लागेल हे त्याच्याकडे आधीचं काय आहे त्यावर शाळा बसून ठरवते. विषयवार ग्रेड नसतात. विषय पुरा झाला की पात्रतेचा दाखला मिळतो, आणि शेवटी एक एकत्रित स्टुदीएओम्डोमे देतात, म्हणजे ह्याची पुढे शिकायची क्षमता कशी आहे ह्याबद्दल शिक्षकांनी मिळून दिलेलं मत, सगळ्यात वरचं ४. आणि युनिव्हर्सिटीला अर्ज करताना फोल्कहोगस्कूलातून आलेल्यांचा कोटाच वेगळा असतो, त्यात हेच बघतात. म्हणजे जिम्नासियममधल्या मुलांच्या मार्कांशी त्याची तुलना होत नाही. चाल्मर्स असो की केटीएच, दार बंद झालेलं नाही, इंजिनिअरिंगला गणित-फिजिक्स जास्त लागतं ते काही शाळांत आणि बाकीचं कोम्व्हुक्समध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या मोठ्यांच्या शाळेत, करता येतं. बाबांना हे नक्की सांगा.

अजून एक. बऱ्याच शाळांत आल्मेन कुर्सला जोड असते, म्हणजे आठवड्यातला काही वेळ संगीत, लाकूडकाम, बाहेरचं भटकणं, गेम डिझाईन असं काहीतरी. त्याला खोलीत बसून काय आवडतं ते बघा, आणि तशी जोड असलेली शाळा शोधा. आमच्या शाळेत आल्मेन कुर्सचा एक मुलगा होता, सप्टेंबरमध्ये जेवायलासुद्धा सगळे उठून गेल्यावर यायचा. लाकडाच्या वर्कशॉपमध्ये त्याने ओल्या बर्चचा चमचा कोरायला घेतला, ओलं लाकूड कापायला सोपं असतं पण घाईने वाळवलं की तडकतं, त्याचे पहिले तीन तडकले. चौथा त्याने त्याच्याच भुश्यात पुरून कागदाच्या पिशवीत ठेवला, दोन आठवडे, रोज एकदा उघडून बघायचा. जवसाचं तेल लावून तो चमचा त्याने स्वयंपाकघरातल्या काकूंना दिला. नाताळपर्यंत तो आमच्या टेबलावर बसायला लागला होता.

एक विनंती आहे. अर्ज त्याला करू द्या. तुम्ही शाळा शोधा, लिंक पाठवा, बरोबर गाडीत बसा, पण आतमध्ये बोलणं त्याचं होऊ द्या. तिथली माणसं आईवडिलांशी नाही, त्याच्याशी बोलतात, तो मोठा माणूस आहे असं धरून. आणि लगेच वर्षभराचं झेपणार नाही असं वाटलं तर तीन महिन्यांचा एक छोटा कोर्स असतो, शिक्षणाकडे परत वळायला म्हणून, तो आर्बेत्सफर्मेदलिंगेन, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयामार्फत मिळतो. तिथे नाव नोंदवून विचारा.

आणि तुम्ही लोकांकडे जायला लागा हो. मुलाने काही गुन्हा केलेला नाही.

माझी बारावी झालीये, बीकॉमही. इथे परत आल्मेन कुर्स करायला लागेल का?

बहुधा नाही. आधी यूएचआरकडे, म्हणजे परदेशी शिक्षण तपासणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तुमची सर्टिफिकेट पाठवून मूल्यांकन करून घ्या, ते फुकट असतं. बहुतेकदा कमी पडतं ते स्वीडिश. मग फक्त स्वीडिश करा, किंवा फोल्कहोगस्कूलातला कामधंद्याचा एखादा कोर्स बघा, अख्खं जिम्नासियम परत करू नका.

माझं स्वीडिश एसएफआय सी लेव्हलचं आहे. खेड्यात राहून निभेल का? सगळं स्वीडिशमध्येच असतं ना? – बोरोस

हो, जवळजवळ सगळं स्वीडिशमध्येच, काही मोजके कोर्स सोडले तर. काही शाळा स्वतःच एसएफआय, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीचे स्वीडिशचे वर्ग, घेतात, काही ठिकाणी खास नव्याने आलेल्यांसाठी कोर्स असतात, ते आधी बघा. सी लेव्हलवर पत्रकारितेला किंवा लेखनाला जाऊ नका, दमून जाल. हाताच्या कामाचा कोर्स मात्र जमू शकतो, कारण तिथे शब्द हातात असतो. ताणा म्हणजे वार्प आणि बाणा म्हणजे इन्स्लाग हे मला कोणी पाठ करायला सांगितलं नाही, धागा बोटात असताना ऐकलं आणि बसलं.

पण खरं सांगू, माझं स्वीडिश वर्गात नाही, जेवणाच्या टेबलावर झालं. खेड्यात संध्याकाळी कुठे जायचं नसतं. शेवटची बस साडेपाचला असायची आमच्याकडे, मग सगळे तिथेच, कोणी विणतंय, कोणी पत्ते, कोणी सौनाला. नोव्हेंबरमध्ये तीन वाजता अंधार पडतो आणि त्या अंधारात लोक जवळ बसून बोलतात. पहिले दोन महिने मला विनोद कळत नव्हते आणि मी खोलीत जाऊन रडलेय, हे लपवत नाही. पण फिकाला, म्हणजे कॉफीच्या सुट्टीला, रोज दोनदा जायचंच असं ठरवलं होतं, बोलता नाही आलं तरी बसायचं. जेवून उठताना टाक फर मातेन म्हणायचं, जेवणाबद्दल थँक्यू, स्वयंपाकघराकडे बघून. त्या काकूंनीच मला सगळ्यात जास्त बोलतं केलं. म्हणून शक्य असेल तर इंतरनातला रहा, घरून ये-जा करू नका. अर्धा कोर्स वर्ग संपल्यानंतरच सुरू होतो.

शाकाहारी जेवण मिळतं का? मुलांना घेऊन राहता येतं का?

शाकाहारी जेवण मिळतं, अर्जाच्या फॉर्मवर स्पेशल्कॉस्त असा रकाना असतो तिथे लिहा, आणि अंडं चालत नसेल तर तेही वेगळं लिहा कारण इथे शाकाहारी म्हणजे अंडं धरूनच. मुलांचं मात्र अवघड आहे. काही मोजक्या शाळांत कुटुंबासाठी खोल्या असतात, बाकी ठिकाणी एकट्याचीच खोली. लहान मुलं असतील तर घराजवळची शाळा बघून रोज ये-जा करा, किंवा डिस्टन्स कोर्स बघा ज्यात महिन्यातून दोन-चार दिवसच शाळेत जाऊन राहायचं असतं. आत्ताच वर लिहिलं की राहूनच करा, पण चार वर्षांच्या बाळाला सोडून करा असं मी कधीच म्हणणार नाही.

मी स्वीडनमध्ये राहत नाही, युरोपियन नागरिकही नाही. उन्हाळ्यात एखादा कोर्स करायला येऊ शकतो का?

छोट्या उन्हाळी कोर्सला येऊ शकता, ९० दिवसांपर्यंत शेंगेन व्हिसावर. वर्षाच्या कोर्सला रेसिडेन्स परमिट लागतं, आणि शाळेचा प्रवेश म्हणजे परमिट नव्हे, दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी. आधी मिग्राशूनसव्हेर्केत, म्हणजे परमिट देणाऱ्या सरकारी खात्याच्या अटी वाचा, खर्चाचे पैसे दाखवायला लागतात ते बघा, मगच शाळेला लिहा.

अर्ज कसा करायचा? मार्कच नाहीत तर निवड कशावर करतात? – बऱ्याच जणांचा प्रश्न

युनिव्हर्सिटीसारखी एकच मध्यवर्ती वेबसाइट नाही. फोल्कहोगस्कूला पुंक्त नू (folkhogskola.nu) ह्या साइटवर कोर्स शोधायचा, पण अर्ज थेट शाळेकडे. एकाच वेळी चार शाळांना केला तरी चालतो. तारखा वेगवेगळ्या, पुष्कळ ठिकाणी मार्च ते मे, आणि जागा उरल्या तर ऑगस्टपर्यंतही घेतात. म्हणून जूनमध्ये कळलं तरी फोन करा.

निवडीत सगळ्यात जास्त वजन तुमच्या पत्राला, पेर्शूनलिग्त ब्रेव्ह म्हणतात त्याला. संगीताला ऑडिशन, चित्रकला-लेखनाला कामाचे नमुने, आणि बऱ्याच ठिकाणी मुलाखत. पत्रात मला विणकामाची खूप आवड आहे असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. तुम्ही काय केलंय, कुठे अडलात, हे वर्ष आत्ताच का हवंय, ते लिहा. माझं पहिलं पत्र दोन पानी होतं आणि त्यात नुसती शिक्षणाची यादी, मला नकार आला. दुसऱ्यात मी घरच्या जुन्या गोधडीबद्दल लिहिलं, ती उसवून बघितली तेव्हा आत अजून एक गोधडी निघाली त्याबद्दल, आणि मुलाखतीत त्यांनी पाच मिनिटं फक्त त्याच गोधडीबद्दल विचारलं.

एक धोका सांगून ठेवते. कमी लोक आले तर कोर्स रद्द होतो. मला ज्या शाळेने आधी घेतलं होतं तिथला कोर्स जूनच्या शेवटी रद्द झाल्याची मेल आली, तोपर्यंत मी भाड्याचं घर सोडायची नोटीस देऊन बसले होते, आणि पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. म्हणून विचारा, कोर्स नक्की होणार हे कधी कळेल, आणि ते कळेपर्यंत घर-नोकरी सोडू नका.

आणि जमलं तर आधी एकदा जाऊन या. बहुतेक शाळांचा ओपन हाउसचा दिवस असतो, नसेल तर फोन करून विचारलं तरी बोलावतात. वर्कशॉप दाखवतील ते बघाच, पण दुपारी बाराला जेवणाच्या हॉलमध्ये ताट घेऊन बसा. कोण कोणाशेजारी बसतंय, शिक्षक वेगळ्या टेबलावर आहेत का मुलांमध्ये, एकटा बसलेल्याला कोणी हाक मारतंय का ते बघा. मी गेले होते तेव्हा हातात ताट घेऊन दाराशी उभी होते तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेजारची खुर्ची मागे ओढली आणि नुसती मान हलवली. अर्ज मी त्याच रात्री भरला.